चीडच्या लाकडातून राळ पुन्हा पुन्हा का येते, आणि काय केलं की थांबते

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. चीड या हिमालयी पाइनच्या दाराला किंवा चौकटीला दिवाळीच्या सुमारास रंग लागतो आणि होळीपर्यंत सगळं छान दिसतं. एप्रिलमध्ये गाठींवर पिवळट वर्तुळं उमटतात, मेमध्ये त्याच गाठींतून राळेचे मधासारखे चिकट थेंब ओघळतात. मग घासणं, नवा प्रायमर, नवा एनॅमल, आणि पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा तेच. रंगारी बदलतो, रंगाची कंपनी बदलते, थेंब मात्र त्याच गाठीतून येतात.

याचं कारण रंगात नाही. लाकूड वाळवताना ते किती तापलं होतं, यावर सगळं ठरतं. ही एक गोष्ट समजली की कुठे दुरुस्ती टिकेल आणि कुठे फळीच बदलावी लागेल, हे तुमचं तुम्हाला ठरवता येतं.

हातात आहे ते चीडच आहे का?

आपल्याकडच्या वखारींत 'पाइन' या एका नावाखाली बरंच काही विकलं जातं. चीड, म्हणजे पायनस रॉक्सबर्घाय, हे हिमालयाच्या पायथ्यालगतचं झाड. जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडपासून नेपाळ, सिक्कीम, भूतानपर्यंत, साधारण 500 ते 2000 मीटर उंचीवर ते वाढतं. त्याच्या सुया तीन-तीनच्या जुडग्यात असतात. त्याहून वरच्या थंड पट्ट्यात कैल वाढतो. त्याच्या सुया पाच-पाच असतात, लाकूड हलकं असतं, राळ कमी आणि तंतूंची रेषाही सरळ. देवदार हा पाइन नव्हेच. मुंबई-पुण्यात 'पाइन' म्हणून मिळणारं पुष्कळ लाकूड परदेशातून आलेल्या, रेडिआटासारख्या पाइनचं असतं. त्याचे ओंडके कांडल्याला उतरतात आणि गांधीधामच्या आसपास कापले जातात. ते वाळवलं जातं इथेच, त्यामुळे खाली सांगितलेलं बरंचसं त्यालाही लागू पडतं.

चीडची फळी ओळखायला एक बाजू रंधून बघा. गाभ्याचं लाकूड फिकट तांबूस-तपकिरी आणि बाहेरचं पिवळसर पांढरं दिसेल. वार्षिक कड्यांतला गडद पट्टा ठळक आणि कडक असतो, नख रोवलं तर फिकट पट्ट्यात रुततं आणि गडद पट्ट्यात रुतत नाही. रंधलेल्या पृष्ठावर रेषेच्या दिशेने पेन्सिलीने ओढल्यासारख्या बारीक तपकिरी रेघा दिसतात. या राळेच्या नळ्या, आणि चीडमध्ये त्या साध्या डोळ्यांना दिसण्याइतक्या मोठ्या असतात. वाळलेल्या चीडचं वजन घनमीटरला 550 ते 600 किलो, कैलचं त्याहून कमी. दोन्ही हातात घेतले की फरक लगेच जाणवतो.

राळ हलते का?

उत्तराखंड-हिमाचलात चीडच्या राळेला लीसा म्हणतात. झाडाच्या बुंध्यावरची साल पट्ट्यात सोलून, आम्लाच्या पातळ द्रावणाचा फवारा मारून, ठरावीक दिवसांनी नवी चीर देत ती गोळा करतात. कारखान्यात तिचं ऊर्ध्वपातन केलं की दोन पदार्थ मिळतात: घन बिरोजा आणि द्रव टर्पेंटाइन. झाडातली राळ म्हणजे टर्पेंटाइनमध्ये विरघळलेला बिरोजा. जोवर टर्पेंटाइन शिल्लक आहे तोवर ती वाहते. टर्पेंटाइन उडून गेलं की उरलेला बिरोजा घट्ट होतो आणि 70 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचेपर्यंत मऊ पडत नाही.

अडचण अशी की टर्पेंटाइनचे घटक सहज उडत नाहीत. त्यातलं अल्फा-पायनिन 156 अंशांना उकळतं, चीडमध्ये भरपूर असणारं कॅरीन 170 च्या आसपास. पृष्ठावरचं टर्पेंटाइन हवेत जातं. गाठीच्या पोटातलं आणि बंद नळ्यांमधलं मात्र वर्षानुवर्षं तसंच राहतं. 'घराचं जुनं, दहा वर्षांचं लाकूड' म्हणून घेतलेली फळी रंधल्यावर पुन्हा चिकट होते ती यामुळेच. रंध्याने नवी तोंडं उघडलेली असतात.

कामाचा नियम असा धरा: वाळताना लाकूड आतपर्यंत जितक्या तापमानाला पोहोचलं, साधारण तितक्या तापमानापर्यंत त्यातली राळ पुढे शांत राहते. सावलीत रचून वाळवलेल्या लाकडाने 35-40 अंशांपलीकडे काही पाहिलेलंच नसतं. तीच फळी पश्चिमेच्या दाराला लागली आणि तिच्यावर गडद तपकिरी रंग चढला, की मेच्या दुपारी पृष्ठभाग 60 अंशांच्या वर जातो. राळ पातळ होते, आतली हवा आणि वाफ फुगते आणि राळेला बाहेर ढकलते. हा दाब रंगाचा थर सहज फोडतो. पांढरं दार याच दुपारी बरंच कमी तापतं, म्हणून त्याच लाकडाचं पांढरं दार निभावून नेतं आणि तपकिरी दार रडतं.

बाजारात येणारं चीड कुठून येतं, हेही लक्षात ठेवायला हवं. आताच्या उत्तराखंडात 1000 मीटरच्या वर हिरव्या झाडांची तोड 1981 पासून बंद आहे. त्यामुळे वन महामंडळाच्या लिलावात वाळलेली, वादळात पडलेली, वणव्यात होरपळलेली झाडं मोठ्या प्रमाणात असतात. जखमी झाड जखमेकडे राळ पाठवतं. लीसा काढलेल्या झाडाचा बुंधा तर राळेने माखलेलाच असतो. अशा लाकडाला कुमाऊंत छिलुक म्हणतात, आणि चूल पेटवायला किंवा मशालीला वापरतात. फळीत ते ओळखणं सोपं आहे: गडद केशरी, आकाराच्या मानाने जड, आणि पातळ चकती उजेडासमोर धरली तर मेणकापडासारखी अर्धपारदर्शक. अशा फळीवर रंगाचा प्रयोग करूच नका. ती कापून बाजूला काढा.

डाग कोणता, हे आधी ठरवा

चिकट थेंब असेल तर ती वाहती राळ. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसली की विरघळून कापूस पिवळा होतो.

गाठीवर सपाट, कोरडं, पिवळं-तपकिरी वर्तुळ असेल आणि बोटाला काही लागत नसेल, तर गाठीतली द्रव्यं रंगाच्या थरात मुरून वर आली आहेत. हे वाहणं नव्हे, डाग पडणं आहे, आणि उपायही सोपा आहे.

मिठाच्या खड्यासारखे पांढरट कण, खरवडले की भुकटी होणारे, हा सुकलेला बिरोजा. इथलं टर्पेंटाइन उडून गेलेलं आहे. खरवडून, स्पिरिटने पुसून पुढे जा.

फोड आला असेल तर पात्याने कापून आत बघा. आत चिकट असेल तर राळ. आत कोरडं किंवा ओलसर उघडं लाकूड दिसत असेल तर तो ओलाव्याचा प्रश्न आहे. पावसाळ्यात 18 टक्के ओलावा असलेल्या लाकडावर तेलाचा रंग मारला की हे होतं. त्यावर राळेचे उपाय करून काहीच फायदा नाही.

झालेल्या कामाची दुरुस्ती

यासाठी हीट गन, स्क्रॅपर, सुती चिंध्या, मिनरल टर्पेंटाइन, डीनेचर्ड स्पिरिट आणि मेण काढलेली चपडा लाख लागेल. ब्लो टॉर्च वापरू नका. टर्पेंटाइनची वाफ साधारण 35 अंशांनाच पेट घेण्याजोगी होते आणि गाठीतून नेमकी तीच बाहेर पडत असते. फार जुन्या रंगात शिसं असू शकतं, तिथे आधी ओल्या पॉलिश पेपरने थर काढून घ्या आणि मगच उष्णता द्या.

1. गाठीभोवती सगळीकडे 50 मिमीपर्यंत रंग काढून उघडं लाकूड दिसू द्या.

2. हीट गन 10-15 सेंटिमीटरवर धरून सतत फिरवत राहा. पृष्ठ 80-90 अंशांपर्यंत नेऊन तीन-चार मिनिटं तिथेच ठेवा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर लाकूड तपकिरी पडायला लागणं ही थांबण्याची खूण. थेंब वर येऊ लागतील.

3. गरम असतानाच स्क्रॅपरने थेंब उचला. मग गन बंद करून बाजूला ठेवा, आणि लाकूड कोमट झाल्यावर मिनरल टर्पेंटाइनच्या चिंधीने पुसा, त्यानंतर स्पिरिटच्या चिंधीने. गरम लाकडावर किंवा चालू गनजवळ स्पिरिट आणू नका. ते पूर्ण सुकल्याशिवाय पुढची फेरीही सुरू करू नका.

4. हे चक्र थेंब येणं थांबेपर्यंत करा. मध्यम गाठीला तीन-चार फेऱ्या लागतात. पाच-सहा फेऱ्यांनंतरही धार येत असेल तर आत राळेचा कप्पा आहे. तिथे पटाशीने कोरून, किंवा 8 मिमीचं भोक पाडून कप्पा रिकामा करा. आतून स्पिरिटने धुवा, एक दिवस सुकू द्या. मग रेषा जुळवून चीडचाच तुकडा इपॉक्सीने बसवा. पुट्टी भरू नका. राळेचं तेल तिला मऊ करतं आणि ती वर्षभरात सुटते.

5. 1 लिटर स्पिरिटमध्ये 250 ग्रॅम लाख रात्रभर विरघळवून गाळून घ्या. गाठीवर आणि तिच्याभोवती 25 मिमीपर्यंत पातळ दोन हात द्या, मध्ये एक तास. हवेत आर्द्रता 80 टक्क्यांवर असताना हे करू नका, थर पांढुरका पडतो. कोकणात याचा अर्थ सरळ ऑक्टोबरपर्यंत थांबणं.

6. त्यावर लाकडाचा प्रायमर, मग रंग. बाहेरच्या दारासाठी अ‍ॅल्युमिनियम प्रायमर चांगला, त्यातले चपटे कण एकावर एक बसून वाट अडवतात. वरचा रंग फिकट निवडा.

इथे एक चूक सर्रास होते: गाठ न तापवता फक्त लाखेचे चार-पाच हात देणं. लाख डाग अडवते, दाब अडवत नाही. वाहत्या राळेवर लाखेचा थर हा नळ बंद न करता तोंडाला कापड बांधण्यासारखा आहे. कोरड्या पिवळ्या वर्तुळाला मात्र पायरी 5 आणि 6 एवढ्याच पुरतात.

वापरलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. राळेतलं टर्पेंटाइन आणि तेलाच्या रंगातलं जवसाचं तेल हवेशी संयोग पावताना तापतात आणि बोळा आपोआप पेटू शकतो. त्या उघड्यावर एकेक पसरून वाळवा.

नवं काम असेल तर राळ आधीच बसवून घ्या

सगळ्यात खात्रीचा उपाय सीझनिंग प्लांटमध्ये होतो. लाकूड भट्टीत वाळवताना शेवटच्या टप्प्यात तापमान 70 ते 75 अंशांवर नेतात आणि फळीचा मध्य त्या तापमानाला पोहोचल्यावर तिथेच टिकवतात. 25 मिमी जाडीच्या फळीला 24 तास हा चांगला अंदाज आहे. 50 मिमीच्या चौकटीला जास्त वेळ लागतो, कारण उष्णता आत पोहोचायलाच वेळ लागतो. यात बरंचसं टर्पेंटाइन निघून जातं आणि राळ जागच्या जागी घट्ट होते. यालाच राळ बसवणं म्हणायचं. आधी हवेत वाळलेलं लाकूडही असं पुन्हा तापवता येतं, फक्त भट्टीत वाफ सोडून आर्द्रता राखावी लागते, नाहीतर लाकूड गरजेपेक्षा जास्त सुकून चिरतं.

म्हणून वखारीत 'भट्टीत वाळवलेलं आहे का' एवढंच विचारू नका, 'भट्टीचं शेवटचं तापमान किती होतं आणि किती तास' असं विचारा. 50-55 अंशांवर वाळवलेलं लाकूडही 'भट्टीतलं'च असतं. ओलावा मोजण्याच्या यंत्रावर ते 12 टक्के दाखवेल आणि तरीही मेमध्ये गळेल. ओलावा आणि राळ हे दोन वेगळे हिशोब आहेत.

पॅलेटचं, म्हणजे माल रचायच्या लाकडी फळ्यांच्या चौकटींचं, लाकूड वापरणाऱ्यांचा गैरसमज इथेच होतो. पॅलेटवरचा 'एचटी' शिक्का म्हणजे आयएसपीएम 15 या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार लाकडाचा मध्य 56 अंशांवर 30 मिनिटं ठेवला गेला. किडी मारायला तेवढं पुरतं, राळ बसवायला पुरत नाही. 'एमबी' शिक्का असलेलं लाकूड मिथाइल ब्रोमाइडने धुरी दिलेलं असतं, ते घरातल्या फर्निचरला घेऊ नका.

खरेदीआधी एक तुकडा तपासा. गाठ असलेला 300 मिमीचा तुकडा रंधून, काळ्या कापडात गुंडाळून, काचेखाली तीन दिवस कडक उन्हात ठेवा. थेंब आले नाहीत तर बाकी फळ्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. ओलावा तपासण्यासाठी प्रयोगशाळेत तुकडा 103 अंशांवर सुकवून वजनातला फरक मोजतात, पण राळ भरपूर असलेल्या चीडमध्ये हा आकडा फसवा येतो. पाण्याबरोबर टर्पेंटाइनही उडतं आणि ओलावा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. त्यामुळे नमुना गाठ आणि गडद पट्टे टाळून घ्या, आणि घरच्या ओव्हनमध्ये हे करू नका.

पिळणारी फळी

राळेपाठोपाठ येणारी तक्रार पिळाची. चीडच्या अनेक झाडांत तंतू बुंध्याभोवती जिन्यासारखे फिरत वर जातात. अशी फळी वाळताना पंख्याच्या पात्यासारखी पिळते. रंधून सपाट केली तरी पुढच्या ऋतुबदलात पुन्हा पिळते, कारण वळण तंतूतच असतं. याला दुरुस्ती नाही, निवड आहे.

फळीवरच्या कमानीसारख्या नक्षीवरून पीळ कळत नाही, ती वार्षिक कड्यांची असते. बारीक सुकलेल्या चिरा बघा, त्या तंतूंच्या दिशेनेच जातात. चिरा नसतील तर शाईच्या पेनाचा ठिपका टेकवा आणि शाई कुठे पसरते ते बघा, किंवा टाकाऊ टोक कुऱ्हाडीने फोडा. कडेच्या मानाने तंतू 1500 मिमी लांबीत 100 मिमीहून जास्त सरकत असतील, तर ती फळी दाराला, टेबलाच्या पृष्ठाला, लांब पायाला घेऊ नका. 300-400 मिमीचे तुकडे करून खोक्याला, ड्रॉवरच्या बाजूंना वापरा. आखूड तुकड्यात पीळ जाणवत नाही.

वाळवताना थरांमध्ये 25 मिमीच्या पट्ट्या 450 मिमी अंतरावर, एकाखाली एक अशा नेमक्या ठेवा. थप्पीवर दर चौरस मीटरला निदान 500 किलो वजन ठेवलं तर पीळ कमी होतो, नाहीसा होत नाही.

रुंदीतल्या बदलाचाही हिशोब ठेवा. उघड्या हवेत रत्नागिरीच्या पावसाळ्यात लाकडाचा ओलावा 17-18 टक्क्यांकडे जातो, नागपूरच्या मेमध्ये 5-6 वर उतरतो. चपटी, म्हणजे रुंद बाजू वार्षिक कड्यांना समांतर ठेवून कापलेली, 300 मिमी रुंद चीडची फळी दर 5 टक्क्यांमागे तीन-साडेतीन मिमी बदलते. म्हणून पॅनल खोबणीत मोकळं बसवा, गोंदाने किंवा खिळ्याने जखडू नका.

निळसर डाग, गोंद आणि रंधा

बाहेरच्या पांढऱ्या लाकडातली निळी-करडी छटा बुरशीची असते. ओलावा 20 टक्क्यांच्या वर असताना, गरम-दमट दिवसांत ती काही दिवसांत पसरते. ताकद विशेष कमी होत नाही, पण रंग खोलवर जातो. ऑक्झॅलिक आम्लाने तो जात नाही, ते लोखंडाच्या डागावरचं औषध. कापल्याबरोबर 1 भाग बोरिक आम्ल व 1.5 भाग बोरॅक्स यांच्या 5 टक्के द्रावणात फळ्या बुडवून, लगेच पट्ट्या घालून रचणं हाच उपाय. हे द्रावण पाण्याने धुऊन जातं, म्हणून उघड्यावरच्या कामाला त्याचं संरक्षण धरू नका.

गोंद सुटण्याची तक्रार असेल तर सांध्यातच राळेची रेघ आहे का ते बघा. जोडायच्या बाजू ताज्या रंधा, अ‍ॅसिटोन किंवा स्पिरिटने पुसा, आणि वीसेक मिनिटांत गोंद लावून आवळा. आदल्या दिवशी पुसून ठेवलेल्या सांध्यावर राळ पुन्हा पसरलेली असते.

रंध्याच्या पात्यावर राळेचा थर बसला की पातं कापायचं सोडून दाबायला लागतं. कडक पट्टे फिकट पट्ट्यात दाबले जातात आणि पॉलिशनंतर पृष्ठ पन्हाळी पत्र्यासारखं उंचसखल होतं. पातं रॉकेलच्या चिंधीने दर अर्ध्या तासाने पुसा. 8 नंबरच्या स्क्रूला आधी 3 मिमीचं भोक पाडा, कडक पट्ट्यात न पाडता घातला तर फळी टोकाशी फुटते.

कुठे वापरावं

राळ बसवलेलं, सरळ रेषेचं चीड भिंतीच्या आतल्या पट्ट्यांना, छताच्या फळ्यांना, सोफ्याच्या आतल्या सांगाड्याला, मांडण्यांना, पलंगाला चांगलंच काम देतं. वाळवी-बुरशीविरोधी औषध पटकन पितं, म्हणून दाबाखाली औषध भरलेलं चीड बाहेरच्या कामालाही चालतं. औषधाविना मात्र जमिनीला टेकू देऊ नका. कोकणात वाळवी आणि ओल त्याला काही वर्षांतच संपवतात.

पोळपाट, भाजी चिरायचा पाट, धान्याची पेटी यांना चीड नको. वास आणि राळ दोन्ही अन्नाला लागतात. चुलीजवळची मांडणी, गीझरशेजारचं कपाट, पश्चिमेचं गडद दार, गॅलरीतली काचेमागची चौकट, या जागा रोज तापतात. तिथे भट्टीचं तापमान ठाऊक नसलेलं चीड बसवण्यापेक्षा कैल घ्या, किंवा सागाचे दोन पैसे जास्त द्या.